रक्तातला प्राणवायू : घेणं आणि सोडणं

(गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहा दिवसांत गाणी, अथर्वशीर्ष, मुलांच्या स्पर्धा, एकांकिका असा भरगच्च कार्यक्रम असताना मंडळाने एका निवृत्त मास्तराला अर्धा तास दिला, हे धाडसच म्हणायचं. मला विषय दिला होता ‘व्यायाम आणि आरोग्य’. या विषयावर बोलणारा माणूस सहसा पहाटे किती वाजता उठावं इथपासून सुरुवात करतो, आणि ऐकणारा मनात म्हणतो की हे आमच्या आजीनंही सांगितलं होतं. म्हणून कार्यवाहांची परवानगी घेऊन विषय जरा आखडता घेतला आहे. मी चौतीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्यातली एकच गोष्ट आज सांगणार आहे : आपण धावतो, नाचतो, लेझीम खेळतो तेव्हा रक्त प्राणवायू कसा नेतं आणि कसा सोडतं. घरात दोन माणसांचं लग्न जमवताना किंवा एखाद्या मुलीला ‘आळशी’ म्हणताना तिचा संबंध कसा येतो, ते शेवटी कळेल.

आत्ता तुम्ही खुर्चीवर स्वस्थ बसला आहात. (काही जण जरा जास्तच स्वस्थ दिसतात.) मध्यम बांध्याच्या माणसाचं शरीर या अवस्थेत मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर प्राणवायू वापरतं. म्हणजे चहाचे दोन-अडीच कप भरतील एवढा. हाच माणूस तरुण असेल आणि जीव तोडून धावला, तर हाच आकडा मिनिटाला ३००० मिलिलिटरपर्यंत जातो. बारा पट. घरी अचानक बारा पट पाहुणे आले तर आपली काय तारांबळ उडेल! शरीर मात्र हे मिनिटाभरात जमवतं. कसं?

पाण्यात वायू फारसा विरघळत नाही, आणि रक्ताचा पाण्यासारखा भागही तसाच. १०० मिलिलिटर रक्तात नुसता विरघळलेला प्राणवायू पाहिला तर जेमतेम ०.३ मिलिलिटर. एवढ्यावर भागवायचं तर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयालासुद्धा मिनिटाला ८० लिटरच्या वर रक्त फेकावं लागेल. प्रत्यक्षात ते फेकतं ५ लिटर. ही अडचण तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन सोडवतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरतं. ज्याच्या १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, त्याचं तेवढं रक्त २० मिलिलिटर प्राणवायू घेऊन निघतं. ०.३ कुठे आणि २० कुठे!

आता एक समजूत. व्यायाम करताना खोल श्वास घेतला की रक्तात जास्त प्राणवायू ‘भरला’ जातो, असं पुष्कळांना वाटतं. निरोगी माणसाचं रक्त फुफ्फुसातून निघतं तेव्हा हिमोग्लोबिनच्या शंभरातल्या ९७-९८ जागा आधीच भरलेल्या असतात. तुम्ही कितीही छाती फुगवा, उरलेल्या दोन-तीन जागांतच काय ती भर पडणार. प्राणायामाचे बाकीचे फायदे असतील, मी त्याविरुद्ध बोलत नाही, पण रक्तात प्राणवायूचा साठा करणं हा त्यातला नव्हे. मग धावताना आपण एवढे धापा का टाकतो? कारण स्नायूंनी वापरलेला प्राणवायू भरून काढायचा असतो आणि तयार झालेला कर्बवायू बाहेर टाकायचा असतो. श्वासाचा वेग ठरवण्यात प्राणवायूपेक्षा या कर्बवायूचाच हात मोठा.

डोंगरगडला बम्लेश्वरीच्या हजारावर पायऱ्या चढताना दम लागला की कोणीतरी हमखास म्हणतं, “वर हवा विरळ आहे ना!” तेवढ्या उंचीवर हवेत असा काही फरक पडत नाही की रक्त रिकामं राहावं. दम लागतो तो पायऱ्यांमुळे आणि आपल्या वजनामुळे. देवीला दोष नको.

फुफ्फुसाकडून जास्त मिळणार नाही, तर बारा पट येते कुठून? शरीराकडे दोन उपाय आहेत. पहिला आपल्याला छातीवर हात ठेवला की कळतो : हृदय जोरात धावतं. मिनिटाला ५ लिटरचे २० लिटर होतात, म्हणजे चौपट. पण चौपट म्हणजे बारा पट नव्हे. उरलेली तिप्पट येते ती दुसऱ्या उपायातून, आणि तो कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. रक्त प्राणवायू जास्त *सोडतं*.

शाळेत आपण शिकलो की रोहिणीतलं रक्त शुद्ध आणि नीलेतलं अशुद्ध. मराठी पाठ्यपुस्तकातला हा शब्द मला कधीच आवडला नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हे तथाकथित ‘अशुद्ध’ रक्त हृदयाकडे परत येतं तेव्हा त्यात वीसपैकी पंधरा मिलिलिटर प्राणवायू शिल्लक असतो! तीन चतुर्थांश माल घेऊनच गाडी परतते. हीच आपली शिल्लक. कसून व्यायाम करताना मात्र वीसपैकी पाच नव्हे, पंधरा मिलिलिटर उतरवले जातात. धावणाऱ्या पायातून परतणाऱ्या रक्तात तर कधीकधी दोन-चार मिलिलिटरच उरतात. चार पट रक्त आणि तिप्पट उतरवणी, झाले बारा.

आता खरी गंमत. गाडीला कळतं कसं, माल कुठे उतरवायचा? त्याच रक्तातून मेंदूला, मूत्रपिंडाला, लेझीम धरलेल्या हाताला आणि आरामात असलेल्या जबड्याला (बोलणाऱ्यांचं सोडून) पुरवठा होतो. कोणी चिठ्ठी लिहून देत नाही.

हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार सवारींची ऑटो समजा, स्टेशनहून पुरानी बस्तीकडे निघालेली. चार जागा, चार प्राणवायू. या ऑटोचा स्वभाव विचित्र आहे. पहिली सवारी बसायला वेळ लागतो, पण एक बसली की दुसरी, तिसरी पटकन बसतात. उतरतानाही तसंच : एक उतरली की बाकीच्यांची जागा सैल होते. हा स्वभाव रेणूच्या घडणीत आहे. मॅक्स पेरुट्झ या व्हिएन्नात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने केंब्रिजला १९३७ च्या सुमारास हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर काम सुरू केलं आणि त्याचा आकार दिसायला १९५९ उजाडलं. बावीस वर्षं एका रेणूपाठी. १९६२ मध्ये नोबेल मिळालं. पुढे त्यांनीच दाखवलं की प्राणवायू बसताना आणि उतरताना हा रेणू आपला आकार बदलतो. नुसती पिशवी नाही ती.

आणि उतरायचं ठिकाण? ते स्नायूच सांगतो, स्वतःच्या कष्टाने. राबणारा स्नायू तापतो, ३७ अंशांवरून ३९-४० पर्यंत. तो कर्बवायू सोडतो, आम्ल सोडतो. ही उष्णता, हा कर्बवायू आणि हे आम्ल, तिन्ही गोष्टी हिमोग्लोबिनची पकड ढिली करतात. जिथे जास्त राबणं तिथे जास्त उष्णता आणि आम्ल, तिथेच जास्त प्राणवायू उतरतो. शेजारी स्वस्थ असलेल्या स्नायूत तेच रक्त हात आखडता घेतं. कर्बवायूमुळे रक्ताची पकड सैल होते हे १९०४ साली कोपनहेगनला ख्रिस्तियन बोर यांनी दोन सहकाऱ्यांसह दाखवलं. अणूच्या रचनेसाठी आपण ज्यांचं नाव शाळेत घोकलं त्या नील्स बोर यांचे हे वडील. त्या दोन सहकाऱ्यांपैकी ऑगस्ट क्रोग यांना पुढे १९२० चं नोबेल मिळालं, ते स्नायूंतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे कशा उघडतात यासाठी. फुफ्फुसात पोचल्यावर सगळं उलटं होतं. कर्बवायू निघून जातो, पकड पुन्हा घट्ट, सवाऱ्या पुन्हा चढतात. त्यासाठी वेळ किती? विश्रांतीत तांबडी पेशी फुफ्फुसातल्या केशवाहिनीत पाऊण सेकंद असते. जोराच्या व्यायामात पाव सेकंदाच्या आसपास. निरोगी माणसाला तेवढाही पुरतो.

आपल्या जुन्या आखाड्यांतले वस्ताद पोरांना थेट कुस्तीला उभं करत नसत, आधी बैठका, जोर. बोर साहेबांचं नावही न ऐकता त्यांनी स्नायू तापवण्याचं महत्त्व ओळखलं होतं. म्हणून पथकातल्या मुलामुलींना सांगणं आहे, ताशाची पहिली काडी पडली की एकदम उड्या मारू नका. दहा मिनिटं हळू खेळा. अंग तापलं की रक्त हात सैल सोडतं, आणि सुरुवातीला लागणारा तो विचित्र दम लवकर ओसरतो.

या तात्काळ व्यवस्थेखेरीज एक सावकाश चालणारी व्यवस्था आहे. तांबड्या पेशीत एक छोटा फॉस्फेटयुक्त पदार्थ असतो, नाव लांबलचक आहे म्हणून आम्ही मास्तर मंडळी त्याला ‘डीपीजी’ म्हणत आलो. तो हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत पाचरीसारखा बसतो आणि प्राणवायू सोडायला लावतो. त्याचं हे काम १९६७ मध्ये समोर आलं. माणूस उंच डोंगरावर राहायला गेला की, किंवा अंगात रक्त कमी झालं की, काही दिवसांत हा पदार्थ वाढतो. उलट रक्तपेढीत साठवलेल्या रक्तात तो दोनेक आठवड्यांत जवळजवळ संपतो. असं रक्त प्राणवायू भरून घेतं, पण सोडायला चिकट असतं. रोग्याच्या अंगात गेल्यावर दिवसभरात पुन्हा सावरतं.

आणि सगळ्यात संथ उपाय म्हणजे ऑटोंची संख्याच वाढवणं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे आपल्याला माहीत आहे. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागाने. असे धावपटू उंचावर जाऊन महिनोन् महिने सराव करतात, तोही अमेरिकेत कोलोराडोला गेला होता. तिथली विरळ हवा मूत्रपिंडाला चिमटा काढते, मूत्रपिंड अस्थिमज्जेला निरोप देतं, तांबड्या पेशी वाढतात. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्या घराघरांत प्रश्न उलटा आहे, तिकडे आता वळतो.

कोविडच्या दोन वर्षांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघरी आलं. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये ही युक्ती काढली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, साऱ्या जगाला तिची गरज पडली त्याच महिन्यात, ते गेले. उपकरण उत्तम आहे. पण ते सांगतं काय? जेवढ्या ऑटो आहेत त्यांतल्या शंभरात किती जागा भरल्या आहेत, एवढंच. मुळात ऑटो किती आहेत, हे ते मोजत नाही.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मंडळाच्या रक्तदान शिबिरात मी मदतीला बसलो होतो. तिथे निळ्या द्रावणाची बाटली असते, बोटातल्या रक्ताचा थेंब त्यात सोडतात. थेंब झपकन बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, रक्त देता येतं. एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी आली. आपल्यातलीच, हसरी. तिचा थेंब वरच रेंगाळला. ती म्हणाली, “काका, मी एकदम ठीक आहे.” तिच्या आईने पर्समधून ऑक्सिमीटर काढून लावलंच, ९८! “बघा, अठ्ठ्याण्णव आहे, मग कमी कसं?” आई रागावली नव्हती, खरोखर गोंधळली होती. लॅबमध्ये हिमोग्लोबिन निघालं ८.

गणित करू. ८ ग्रॅम म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये पावणेअकरा मिलिलिटरपेक्षा कमीच प्राणवायू. बसल्या जागी लागतात पाच. भागतं. उपकरण ९८ दाखवतं, तेही खोटं नाही. पण लेझीम खेळायला उभी राहिली की? तीन चतुर्थांश उतरवून उतरवून तिचं रक्त देणार ८ मिलिलिटर. १३ ग्रॅमवाली तिची मैत्रीण देणार १३. शिल्लक आधीच खर्चलेली, म्हणून सगळा भार हृदयावर. छाती धडधडते, पाय जड होतात, मुलगी बाजूला जाऊन बसते. आणि घरी काय म्हणतात? “हिला कशाचाच उत्साह नाही, दिवसभर मोबाईल.” शरीराने डीपीजी वाढवून, पकड सैल करून किती सांभाळून घेतलेलं असतं ते कोणाला दिसत नाही. इतकं हळूहळू होतं की त्या मुलीलाही वाटतं, मी अशीच आहे.

अशा किती? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडमध्ये १५ ते ४९ वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी सहा जणींचं हिमोग्लोबिन कमी आढळलं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक. तेव्हा ‘आमच्या घरात खाऊन-पिऊन सुखी’ यावर जाऊ नका. आपल्या इथे लाल भाजी आहे, मुनगा आहे, डाळी आहेत, वरून लिंबू पिळा, लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. पण ८ चं १२ नुसत्या भाजीने होत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या लागतात, आणि आकडा नीट झाल्यावरही आणखी तीनेक महिने घ्याव्या लागतात, कारण रिकामी कोठी भरायची असते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा अन्नातलं लोह अडवतो. हे वाक्य मी या शहरात गेली कित्येक वर्षं बोलतो आहे आणि माझ्या स्वतःच्या घरातही कोणी ऐकत नाही. त्या मुलीने मात्र ऐकलं. पुढच्या वर्षीच्या शिबिरात तिचा थेंब बुडाला.

गोळ्या नियमाने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल तर? तेव्हा गोळ्या वाढवायच्या नाहीत, हिमोग्लोबिनची जात तपासायची. जात हा शब्द इथे नाइलाजाने वापरतो आहे. छत्तीसगडात बसून हा विषय टाळणं बरोबर नाही : सिकलसेल.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे कळलं की १४६ दुव्यांच्या साखळीत सहावा दुवा तेवढा बदललेला. आपल्या देशात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत तो प्रथम नोंदला गेला, आणि १९५८ पर्यंत नागपूरहूनही नोंद झाली.

आता मघाची ऑटो आठवा. या बदललेल्या हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू बसलेला असतो तोवर ते शहाण्यासारखं वागतं. प्राणवायू उतरला की मात्र हे रिकामे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काठ्या तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. म्हणजे हा आजार प्राणवायू घेण्याचा नाही, सोडण्याच्या क्षणाचा आहे. ज्या गोष्टी व्यायामात रक्ताला प्राणवायू सोडायला लावतात, उष्णता, आम्ल, त्याच इथे घात करतात. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असलं की अधिकच.

आई-वडील दोघांकडून हा दोष आला तर आजार : हाडं फोडून काढणाऱ्या वेदना, रक्तक्षय, वारंवार संसर्ग. एकाकडून आला तर तो माणूस वाहक. वाहकाच्या पेशीत दोषी हिमोग्लोबिन साधारण ४० टक्के किंवा कमी, बाकीचं चांगलं. पेशी वाकायला लागायच्या आत फुफ्फुसात परत पोचते. म्हणून वाहक माणूस आयुष्यभर निरोगी राहतो, हिमोग्लोबिनही चांगलं असतं, आणि त्याला पत्ताही नसतो. रायपूरच्या डॉक्टरांनी राज्यभरात साडेतीन लाखांहून अधिक लोकांची तपासणी केली होती, तिचे आकडे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. नऊ टक्क्यांहून अधिक लोक वाहक होते. या मांडवात आज दोनशे माणसं असतील.

“आमच्यात नसतं ते,” असं आपली मंडळी म्हणतात. भोसल्यांच्या काळापासून आपण नागपूर-भंडारा-चांद्याकडून इथे येत राहिलो. रेल्वेने आलो, कचेऱ्यांत आलो, शाळांत आलो. विदर्भात हा दोष अनेक समाजांत आहे, छत्तीसगडात आदिवासींपासून शेतकरी आणि व्यापारी समाजांपर्यंत आहे. मलेरियाच्या मुलखात वाहकाला थोडं संरक्षण मिळत गेलं म्हणून तो पिढ्यान् पिढ्या टिकला. डासाने कधी कोणाचं आडनाव विचारलं नाही.

वाहकाने व्यायाम करावा की नाही? हा प्रश्न मला पोलीस भरतीची आणि अग्निवीरची तयारी करणारी मुलं विचारतात, १६०० मीटर धावायचं असतं त्यांना. इथे इतिहास शिकण्यासारखा आहे. १९८७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या नव्या जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : वाहक असलेल्या कृष्णवर्णीय रंगरुटांमध्ये कसरतीदरम्यान अचानक मृत्यूचं प्रमाण वाहक नसलेल्यांच्या २८ पट. ऐकून छाती दडपते, जरी मृत्यू मुळात तीन हजारांत एकाच्या आसपास होते. त्यानंतर लष्कराने सगळ्याच जवानांसाठी नियम केले : पुरेसं पाणी, उन्हाप्रमाणे विश्रांती, कसरत हळूहळू वाढवत नेणं. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार सैनिकांचा नवा अभ्यास आला. वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांहून जास्त नव्हतं. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र दीडपट उरला होता. रक्त तेच, दोष तोच. पाणी आणि सावली बदलली. तेव्हा वाहक मुलाला घरी बसवू नका. रायपूरच्या मे महिन्यात दुपारी चारला उपाशीपोटी धावू नकोस, पहिल्याच दिवशी पूर्ण ताकद लावू नकोस, ताप-जुलाब असताना धावू नकोस, पायात वेगळाच जडपणा आला तर थांब, असं सांगा. आणि प्रशिक्षकांना सांगा की असा मुलगा खाली बसला तर त्याला शिवी घालून उठवायचं नाही.

ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांचं वेगळं. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच व्यायाम ठरवावा. हायड्रॉक्सियुरिया हे औषध पुष्कळांना उपयोगी पडतं, ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि ते काठ्या जमू देत नाही.

राहिला लग्नाचा विषय. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मूल होण्याची. आपण पत्रिका जुळवतो, गोत्र बघतो, मुलाचा पगार तर आडून आडून काढतोच. मग एक रक्ततपासणी विचारायला लाज कसली? लाजेपोटी लपवलेली चिठ्ठी मी पाहिली आहे, आणि नंतर त्या घरातलं पहिलं मूल रात्र रात्र रडताना पाहिलं आहे. दोघंही वाहक निघाले म्हणून लग्न मोडलंच पाहिजे असंही नाही. गरोदरपणी लवकर तपासणी करता येते, सल्ला मिळतो. माहीत तर असायला हवं! केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला शेजारच्याच शहडोलमधून सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. आपल्या रायपुरात सिकलसेलसाठी वेगळी संस्था आहे. सोप्या चाचणीत दोष आहे एवढंच कळतं. वाहक की आजारी हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम पुढच्या तपासणीत कळतं, तेव्हा पहिलाच कागद बघून घाबरू नका.

कार्यवाहांशी माझं बोलणं झालं आहे. पुढच्या वर्षी लेझीमचा सराव सुरू होण्यापूर्वी पथकातल्या प्रत्येकाचं हिमोग्लोबिन आणि सिकलची तपासणी करायची, आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात बंद पाकिटात द्यायचा, फलकावर लावायचा नाही. ज्यांना नावं द्यायची असतील त्यांनी मांडवाच्या दारापाशी वही ठेवली आहे तिथे द्यावीत. पथकाबाहेरच्यांनीही द्यावीत, विशेषतः ज्यांच्या घरी यंदा स्थळं बघणं चालू आहे त्यांनी.

बाहेर चहा तयार आहे अशी खूण मला केव्हाची चालू आहे. ज्यांनी प्रसादाचं जेवण नुकतंच उरकलं आहे, त्यांनी तो तासाभराने घ्यावा. तोवर मी इथेच बसलो आहे, प्रश्न विचारा.